शरद ऋतू, डोंगरातली झोपडी आणि पुलावरून येणारा पाहुणा

रानवाट

मंडळी, जपानी शाईचित्रं आवडणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

सेश्शू तोयो हा पंधराव्या शतकातला झेन भिक्षू आणि चित्रकार. शरद आणि हिवाळा अशी त्याची दोन निसर्गचित्रं टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. जपानने त्यांना 'राष्ट्रीय ठेवा' ठरवलं आहे. आकाराने लहान, जेमतेम ४८ सेंमी उंच आणि ३० सेंमी रुंद. हिवाळ्याचं चित्र जास्त गाजलेलं आहे. त्यात आभाळातून खाली उतरणारी कड्याची काळी रेघ एकदा पाहिली की डोळ्यांसमोरून हलत नाही. पण मी अडकले आहे ती शरदाच्या चित्रात. खाली खडक, त्यांतून वळत जाणारी वाट, मध्यावर झाडांआड इमारतींची छपरं, मागे फिके होत गेलेले डोंगर. आणि वाटेवर दोन माणसं समोरासमोर बसून बोलताहेत.

माझा प्रश्न या दोघांबद्दल आहे. गाव सोडून, माणसं सोडून डोंगरात जायचं हा या चित्रांचा विषय. मग सोबती कशाला? म्हणून या परंपरेतली आणखी चित्रं बघत गेले, तर सगळीकडे हेच. झोपडीच्या खिडकीत एक विद्वान बसलाय, खाली ओढ्यावरच्या पुलावरून पाहुणा येतोय, पाहुण्यामागे वाद्य उचलून चालणारा पोऱ्या. ऋतू पुष्कळदा शरद.

माझं मत आधीच सांगते. ही चित्रं एकांताची नाहीतच. नको असलेल्या गर्दीतून सुटून हव्या त्या एकदोघांबरोबर बसता यावं, या इच्छेची ती चित्रं आहेत. तुम्हाला काय वाटतं?

खारीबटर

डोंगरावर एवढी शांत झोपडी बांधायची आणि ती कुणाला दाखवायचीच नाही, हे कुणाला जमणार?

चित्र शोधून पाहिलं. मोबाइलच्या पडद्यावरसुद्धा त्या वाटेवरून चालत गेल्यासारखं वाटलं.

प्रश्नचिन्ह

मूळ प्रश्नाआधी माझा एक प्रश्न. हा शरद आहे हे कशावरून? लाल पान एकही नाही. सगळा करडा कारभार. संग्रहालयाने पाटी लावली नसती तर तुम्ही ओळखला असता का?

कुंचला

प्रश्नचिन्ह, चांगला प्रश्न आहे. मी स्वतः शाईत काम करते, त्यामुळे जरा लांबण लावते.

ही शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची वाळवलेली कांडी. नारा शहरात ती आजही बनवतात. दगडी पात्रात थोडं पाणी घ्यायचं, कांडी हळूहळू घासायची, आणि हवा तेवढा दाटपणा आला की थांबायचं. रंग एकच, म्हणून ऋतू दाखवायचा तो पाण्याच्या प्रमाणातून आणि कोऱ्या सोडलेल्या कागदातून. उन्हाळ्याचा डोंगर रंगवताना ओल्या, भरगच्च ठिपक्यांनी झाडी भरतात. शरदात कुंचला कोरडा होतो, फांदीची रेघ मोकळी सुटते, खडकांच्या कडा उघड्या पडतात. चिनी चित्रकवितेत शरदाची जुनी खूण आहे: नदीचं पाणी उतरतं आणि तळाचे दगड वर येतात. त्याखेरीज उडते हंस, वाळलेले बोरू, गवताचे तुरे, पूर्ण चंद्र. यांतली एखादी खूण दिसली की त्या काळच्या बघणाऱ्याला रंगाची गरज नव्हती.

रंगीत शरदही आहेच. तिथे शाईवर अगदी पातळ रंगाचा हात फिरवतात. पानांना लालसर तपकिरी, सावलीला नीळ.

पानगळीत झोपडी रंगवण्याचं मला पटणारं एक साधं कारण सांगते. पानं गेली की झाडीमागचं छप्पर दिसायला लागतं. वसंतात तीच झोपडी हिरवाईत बुडून जाते. लपलेलं घर चित्रात दाखवायचं तर शरदासारखा ऋतू नाही.

इंद्रधनू

+१ कुंचलाताई. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

टोकियोकर

रानवाट, तुमचं मत सेश्शूच्या आधीच्या पिढीला तर फारच लागू आहे.

क्योतोतल्या नानझेन-जी विहाराच्या कोन्ची-इन या उपमंदिराकडे १४१३ सालचं एक लांबट लटकचित्र आहे. मिंचो या भिक्षू-चित्रकाराचं मानलं जातं. खाली ओढा, पाइन वृक्ष, लहानसं घर, मागे डोंगर. वरच्या भागात भिक्षूंनी स्वतःच्या हाताने लिहिलेली प्रस्तावना आणि कविता. हे चित्र ज्याच्यासाठी काढलं तो भिक्षू अशा घरात राहतच नव्हता. तो राहायचा नानझेन-जीमध्ये, म्हणजे राजधानीच्या धबडग्यात. प्रस्तावनेत सरळ म्हटलंय की हे त्याच्या मनातल्या घराचं चित्र आहे.

यामागची परिस्थिती बघा. क्योतोतले मोठे झेन विहार तेव्हा शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, राज्यकारभाराला जोडलेले होते. भिक्षू चिनी भाषेत पारंगत, म्हणून चीनशी होणारा पत्रव्यवहार त्यांच्याकडे, जमिनींचे हिशेब त्यांच्याकडे, उत्सवांची व्यवस्था त्यांच्याकडे. अशा माणसाने भिंतीवर डोंगरातली अभ्यासिका टांगायची आणि मित्रांनी एकेक कविता तिच्यावर लिहायची. पुढची काही दशकं अशा चित्रांची लाटच होती. सेश्शूचे गुरू मानले जाणारे शूबुन यांच्या नावावर असलेलं बांबूंमधल्या अभ्यासिकेचं चित्र त्याच वळणाचं आहे, तेही टोकियोच्या संग्रहालयात आहे.

म्हणजे चित्रात एक झोपडी आणि झोपडीच्या वर मित्रांची अक्षरं. पाहुणे चित्रातच शिरलेत.

रानवाट

टोकियोकर, मित्रांच्या कवितांचा हा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता. पुढे नेऊन विचारते, मग चित्रातल्या विद्वानाला सोबत द्यायची गरजच काय? सोबत वर लिहिलेली आहेच की.

प्रश्नचिन्ह

मला यातलं काही फारसं गोड वाटत नाही. सेश्शूचा काळ आठवा. १४६७ ते १४७७ हे ओनिनचं युद्ध, जपानी सरदारांची आपसातली लढाई. क्योतोचा मोठा भाग जळून गेला, विहार जळाले, लोक रस्त्यावर आले. आणि हे भिक्षू-चित्रकार काय काढतात? डोंगर, धुकं आणि गप्पा मारणारी दोन निवांत माणसं.

दुसरं, पाहुण्यामागून वाद्य उचलून चालणाऱ्या त्या मुलाबद्दल कुणीच बोलत नाही. लाकडं कोण तोडतं? पाणी कोण भरतं? एकांत परवडायला नोकर लागतात. चित्रात ते आहेत, बघणारेच त्यांच्यावरून नजर पुढे नेतात.

टोकियोकर

युद्धाचा मुद्दा बरोबर आहे, पण सेश्शू घरात दडून बसलेला माणूस नव्हता. युद्ध पेटलं त्याच वर्षी तो ओउची या सरदार घराण्याच्या जहाजातून चीनला गेला, १४६९ मध्ये परतला. पुढेही आयुष्यभर पश्चिम जपानात फिरत राहिला. यामागुची, बुंगो, ठिकठिकाणी त्याचा मुक्काम असायचा. ऐंशी ओलांडल्यावर त्याने आमानोहाशिदाते या किनाऱ्याचा तो विस्तीर्ण देखावा काढला, जो आज क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्याच्या हयातीत राजधानी राख झाली, त्याला वाटेवर निवांत बसून बोलणारी दोन माणसं काढाविशी वाटली, यात मला पळ काढणं दिसत नाही. जे राहिलं नव्हतं ते त्याने काढलं.

दगडफूल

अवांतर: उंदीर काढणारा तो हाच का? लहानपणी मंदिरात खांबाला बांधून ठेवलं तेव्हा पायाच्या अंगठ्याने, आसवांनी जमिनीवर उंदीर काढला होता म्हणे.

टोकियोकर

हो, हाच. ती दंतकथा आहे, पण जपानी मुलांना सेश्शू आधी त्या उंदरामुळेच माहीत होतो.

शाईदान

प्रश्नचिन्ह यांच्या नोकरांच्या मुद्द्यावर बोलायचं तर आपल्याला तीनशे वर्षं पुढे यावं लागेल. माझं सगळ्यांत लाडकं उदाहरण तिथे आहे.

१७७१ सालचा एक चित्रसंच आहे, दोन चित्रकारांनी मिळून केलेला. इके नो ताइगा आणि योसा बुसोन. होय, हायकूवाला बुसोन. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तेव्हापासून आपल्याकडे बाशो-बुसोन ही नावं ओळखीची आहेत, पण बुसोनचं पोट भरायचं ते चित्रांवर. हा संच सतराव्या शतकातल्या ली यू या चिनी लेखकाच्या कवितांवर आधारलेला आहे. ली यू डोंगराच्या पायथ्याशी राहायला गेला. एकदा पाहुणा आला (बघा, आलाच पाहुणा) आणि म्हणाला, जागा शांत आहे खरी, पण इथे गैरसोय किती! उत्तरादाखल ली यूने तिथल्या सोयींवर आणि सुखांवर कविता लिहिल्या.

त्यांतल्या दहा सोयी ताइगाने रंगवल्या. सोयी कुठल्या, तर शेत कसणं, पाणी भरणं, कपडे धुणं, बागेला पाणी देणं, मासे धरणं, कविता म्हणणं, शेतकामावर देखरेख, सरपण आणणं, रात्रीची राखण आणि नुसतं बघत बसणं. यांत पाणी आहे, धुणं आहे, सरपण आहे. प्रश्नचिन्ह, कामं झाकलेली नाहीत, एकेका कामाला अख्खं पान दिलंय. मासे धरण्याच्या कवितेत दारू घेऊन येणारा पाहुणाही हजर आहे.

बुसोनकडे आली दहा सुखं: चार ऋतू, पहाट, संध्याकाळ, स्वच्छ हवा, वारा, मळभ आणि पाऊस. म्हणजे शरद त्याच्या वाट्याला. पानं साधारण १८ सेंमी चौरस, हातात धरून बघायची. भिंतीवर टांगायचं चित्र आणि मांडीवर घेऊन उलटायचं चित्र यांत फार फरक पडतो. एका वेळी एक माणूस, फार तर शेजारी दुसरा.

हा संच पुढे कादंबरीकार कावाबाता यासुनारी यांच्याकडे आला. १९६८चं नोबेल मिळालेले ते हेच. त्यांच्याकडे असतानाच, १९५१ मध्ये तो राष्ट्रीय ठेवा ठरला.

प्रश्नचिन्ह

ताइगाचा मुद्दा मान्य. 'शेतकामावर देखरेख' ही सोय कुणाची, एवढंच विचारून थांबतो.

नाशिककर_आजोबा

तुम्ही सगळे चित्रांत रमलात, पण खरोखर एकटे राहिलेले लोक होऊन गेलेत. कामो नो चोमेइ. कुळ पुजाऱ्याचं, अपेक्षित मंदिरातलं पद मिळालं नाही, संसार नव्हता. उतारवयात हिनोच्या डोंगरात जाऊन राहिला. झोपडी किती? तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद. सांधे कड्यांनी जोडलेले, मन लागलं नाही तर मोडून दोन गाड्यांत भरून दुसरीकडे नेता यावी अशी. १२१२ मध्ये त्याने त्या झोपडीबद्दल लिहिलं आणि त्याआधी क्योतोने सोसलेली आग, वावटळ, दुष्काळ, भूकंप यांचंही. कुणाला त्याचं ते गद्य मिळालं तर जरूर वाचा. भिंतीवर कुठल्या देवाचं चित्र, कोपऱ्यात कुठलं वाद्य, सगळं सांगितलं आहे.

रानवाटताई, तुमचं मत चित्रांपुरतं खरं असेल, माणसांना लागू करू नका.

दगडफूल

आजोबा, चोमेइच्या लिखाणातसुद्धा एक लहान मुलगा आहे ना? डोंगराच्या राखणदाराचा. तो अधूनमधून झोपडीवर यायचा आणि म्हातारा-मुलगा दोघं रानात फिरायचे, फळं वेचायचे, कंद काढायचे.

नाशिककर_आजोबा

आहे खरा. पण तो बोलावून आलेला पाहुणा नव्हे. रानात राहणारा शेजारी.

रानवाट

आजोबा, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. चोमेइकडे सोबत आपोआप येते. चित्रांत ती ठरवून येते, वाद्य घेऊन येते.

दगडफूल

आता माझा प्रश्न. या सगळ्या झोपड्यांत बाई कुठे आहे?

चित्रात क्वचितच. चित्रं काढणाऱ्यांत मात्र आहे. शाईदान यांनी ताइगाचं नाव घेतलं, त्याची बायको ग्योकुरान हीसुद्धा नावाजलेली चित्रकार आणि कवयित्री. तिची आजी काजी आणि आई युरी गिओनमध्ये चहाचं दुकान चालवायच्या आणि दोघी कविता करायच्या. ताइगा-ग्योकुरान हे जोडपं क्योतोत माकुझुगाहाराला एका साध्या घरात राहायचं, दोघंही चित्रं काढायची, दोघंही वाद्य वाजवायची. पुरुषांची चित्रं ज्या आयुष्याची स्वप्नं बघतात ते ही दोघं शहराच्या कडेला राहून जगत होती.

दुसरी ओतागाकी रेंगेत्सु (१७९१–१८७५). नवरे गेले, मुलं गेली, तरुणपणीच संन्यास घेतला. पोटासाठी मातीची भांडी घडवायची आणि त्यांवर स्वतःच्या कविता कोरायची. भांड्यांना मागणी इतकी वाढली की लोक दाराशी उभे. ती घर बदलायची, पुन्हा बदलायची. घर बदलण्यासाठीच ती ओळखली जायला लागली. शेवटी जिन्को-इन मंदिरात राहिली. ऐन तारुण्यात तिच्याजवळ राहून शिकलेला तोमिओका तेस्साइ पुढे या परंपरेतला मोठा चित्रकार झाला.

एकांत हवा असणारी बाई गर्दीपासून पळते आहे आणि गर्दी तिच्या भांड्यांसाठी मागे येते आहे. चित्रातल्या विद्वानाला हा प्रश्न पडलेला मी कधी पाहिला नाही.

इंद्रधनू

दगडफूल, रेंगेत्सुवर वेगळा धागा काढाच. इथे एका प्रतिसादात मावणारी बाई नाही ती.

साकुरा_ठाणे

छान चाललाय धागा. दोन बाळबोध प्रश्न. १. यातलं काही मुंबईत बघायला मिळतं का? २. कुंचलाताईंनी रंगाचा पातळ हात म्हटलंय, ते रंग कुठले? बाजारातल्या जलरंगांत तो शरद येत नाही, करून पाहिलंय.

कुंचला

साकुरा, आधी दुसरा प्रश्न. लालसर तपकिरी म्हणजे लोहयुक्त माती, आपला गेरूच. निळा म्हणजे नीळ. पिवळा गॅम्बोज. हा झाडाचा डिंक आहे आणि ते झाड आपल्या कोकमाच्या कुळातलं. आग्नेय आशियातल्या झाडांच्या सालीला चिरा पाडून तो गोळा करतात. नीळ आणि हा पिवळा मिसळला की सुकत आलेल्या गवताचा हिरवा मिळतो. पांढरा लागला तर शिंपल्यांची पूड. (गॅम्बोज विषारी आहे, कुंचल्याचं टोक तोंडात धरू नका.)

बाजारच्या रंगात जमत नाही त्याचं मुख्य कारण मला कागद वाटतं. कागदाला किंवा रेशमाला आधी सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात देतात, तो किती दिलाय त्यावर शाई पसरणार की थांबणार हे ठरतं. हात न दिलेल्या कागदावर शाई लगेच फुटते, तिथे दुसरी संधी नाही. आधी फिकी शाई, ती किंचित ओली असतानाच गडद, आणि सगळ्यात शेवटी रंग. रंग आधी लावला तर तो मातकट होतो.

शाईदान

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी दालन आहे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून तिथे पुष्कळ वस्तू आल्या. शाईचित्रांची भूक भागेल असं नाही, पण चिनी मातीची भांडी, लाखकाम, कोरीवकाम यांवरही हेच डोंगर, हेच पूल आणि हेच पाहुणे भेटतात. दिवस काढून जा.

साकुरा_ठाणे

दोघांचेही आभार! कोकमाच्या कुळातला पिवळा, हे आईला सांगितलं तर ती आधी सरबतच करेल.

टोकियोकर

चित्रातल्यासारखी जागा प्रत्यक्ष बघायची असेल तर क्योतोच्या ईशान्य कडेला, इचिजोजी भागात जा. तिथे शिसेन्दो आहे. इशिकावा जोझान हा तोकुगावांच्या, म्हणजे शोगुन घराण्याच्या, बाजूने लढलेला सामुराई. १६१५च्या ओसाकाच्या लढाईत त्याने हुकूम मोडून आघाडी घेतली, त्यापायी चाकरी संपली. १६४१ मध्ये त्याने ही जागा बांधली आणि उरलेलं आयुष्य तिथे काढलं. मुख्य खोलीत छत्तीस चिनी कवींची चित्रं लावून घेतली, चितारली कानो तान्यूने. एकटं राहायला आलेल्या माणसाने छत्तीस सोबती भिंतीवर घेतले.

बागेत बांबूची नळी आहे. पाण्याने भरली की कलते, रिकामी होऊन मागे दगडावर आपटते आणि टॉक् असा आवाज होतो. रानडुकरं, हरणं पिकात शिरू नयेत म्हणून केलेली युक्ती. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मेपल पेटतात तेव्हा व्हरांड्यात बसायला जागा मिळत नाही. मी गेलो तेव्हा माणसांच्या कुजबुजीत त्या नळीचा आवाज बुडून जात होता. दुसऱ्या खेपेला पानं झडून गेल्यावर, डिसेंबरात सकाळी दार उघडताच गेलो. तेव्हा बाग माझी होती. जाणाऱ्यांनी शक्य असेल तर तसं करा.

तिथून चालत कोनपुकु-जी. डोंगरउतारावर बाशोच्या नावाची झोपडी आहे. ती मोडकळीला आली होती, बुसोनने आणि त्याच्या मित्रांनी ती पुन्हा उभी केली. बुसोनची समाधी तिथेच. उत्तरेच्या बाजूला गेलं की मानशु-इन मंदिर. रानवाट, तुमचं सेश्शूचं शरदाचं चित्र टोकियोला जायच्या आधी याच मंदिराच्या मालकीचं होतं.

खारीबटर

म्हणजे एका दिवसात पायी धाग्यातले तीन प्रतिसाद फिरून होतात. लिहून ठेवलं.

शाईदान

टोकियोकर यांनी झोपडी बांधणाऱ्या मित्रांची गोष्ट सांगितली, त्यावरून आठवलं. बुसोन शहरात राहणारा, बायको-मुलगी असलेला, ऋणको-धनको सांभाळणारा माणूस. त्याला त्या झोपडीत राहायला जायचं नव्हतं. मित्रांनी जमायचं, कविता करायच्या, संध्याकाळी घरी यायचं. मला रानवाट यांच्या मताचा याहून चांगला पुरावा सापडत नाही.

नाशिककर_आजोबा

आणि माझ्या बाजूने मी उरागामी ग्योकुदोला उभा करतो. ओकायामाकडचा सामुराई. १७९४ मध्ये, पन्नाशीत, चाकरी सोडून दोन मुलांना घेऊन बाहेर पडला आणि पाठीवर सात तारांचं वाद्य घेऊन वर्षानुवर्षं देशभर फिरला. त्याचे डोंगर पाहा. कोरड्या शाईचे झटके एकावर एक, झाडं थरथरताहेत, जमीन स्थिर नाही. शरदाची चित्रं आहेत, लाल ठिपके शाईत मुरलेले. आणि त्या सगळ्या खळबळीत कुठेतरी पुलावर बोटाच्या पेराएवढा एक माणूस. मागे पोऱ्या नाही, समोर यजमान नाही. याला तुम्ही सोबतीची इच्छा म्हणाल?

कुंचला

आजोबा, ग्योकुदो काढलात म्हणून मनापासून आभार. त्याची नक्कल करताना हात दुखतो. एकाच जागी फिकं, मग गडद, मग त्याहून गडद, आणि कागद फाटायच्या आत थांबायचं.

पण मला तुमच्या त्या पेराएवढ्या माणसातच रानवाटच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. तो पाहुणा नाही. तो ग्योकुदो स्वतः आहे, आणि चित्र बघताना आपण. अशा चित्रात वाट बहुतेक वेळा खालच्या कडेपासून सुरू होते, जिथे बघणारा उभा असतो. सेश्शूच्या शरदातही डोळा खालच्या खडकांपासून वाट धरतो आणि वर चढता चढता त्या दोघांपाशी पोचतो. चित्रकाराला झोपडीपर्यंतचा रस्ता दाखवायचा आहे. त्यासाठी रस्त्यावर माणूस लागतो, नाहीतर डोंगराची उंची आणि पुलाचं अंतर मोजायचं कशाने?

प्रश्नचिन्ह

हे पटलं. चित्रकाराच्या बाजूने विचार केला की पाहुणा म्हणजे मोजपट्टी.

रानवाट

कुंचला, रस्त्याचं पटतं, पण नुसती मोजपट्टी हवी असती तर लाकूडतोड्याही चालला असता. काही चित्रांत तो असतोही. तरीसुद्धा चित्रकार पुन्हा पुन्हा वाद्य घेऊन येणारा मित्र काढतात. हा मित्र वाजवणार आहे किंवा ऐकणार आहे, आणि ते दुसऱ्याशिवाय होत नाही.

'शरदच का' याचं मला सापडलेलं उत्तर ताओ युआनमिंगकडे जातं. चौथ्या-पाचव्या शतकातला चिनी कवी. शेवटची सरकारी नोकरी तीन महिनेसुद्धा न करता सोडून गावी शेती करायला गेला. जपानी चित्रकारांनी संन्यस्त विद्वान म्हणून ज्याला शेकडो वर्षं रंगवलं तो हाच. त्याचं फूल शेवंती, कुंपणाशी वेचलेली. शेवंती म्हणजे शरद. त्याची एक आख्यायिका आहे. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, शेवंतीच्या सणाला, घरात दारू नाही म्हणून तो फुलांत नुसताच बसला होता. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस येताना दिसला. स्थानिक अधिकाऱ्याने पाठवलेली दारू घेऊन.

शरद, झोपडी आणि येणारा माणूस, तिन्ही एकाच गोष्टीत आहेत. ज्या भिक्षूंनी नोकरीत राहून हे चित्र भिंतीवर टांगलं, त्यांना ही गोष्ट तोंडपाठ होती.

टोकियोकर

वा, रानवाट. पांढऱ्या कपड्यांतल्या निरोप्याची चित्रंही आहेत, शोधून इथे नावं देतो.

नाशिककर_आजोबा

ताओ मान्य. ग्योकुदोवरचा माझा दावा कायम.

इंद्रधनू

आजोबांच्या बाजूने एक भर. हिशिदा शुन्सोचं 'पानगळ', १९०९. लांबरुंद घडीच्या पडद्यावर शरदातलं रान. आकाश नाही, क्षितिज नाही, घर नाही, माणूस नाही. नुसते बुंधे, मागे मागे विरत गेलेले, आणि खाली पडलेली पानं.

शुन्सोचं भारताशी नातं आहे. १९०३ मध्ये तो योकोयामा ताइकान या चित्रकाराबरोबर कोलकात्याला आला होता. अवनींद्रनाथ टागोरांच्या वॉश (पातळ रंगाचे हात देण्याच्या) पद्धतीवर त्या भेटीचा परिणाम झाला. पुढे शुन्सोला मूत्रपिंडाचा विकार झाला आणि डोळे जाऊ लागले. टोकियोबाहेर योयोगीत तो विश्रांतीसाठी राहिला, घराजवळच्या रानात फिरायचा, आणि नजर थोडी सावरल्यावर त्याच रानाची चित्रं काढली. दोन वर्षांनी गेला, वय ३६.

इथे झोपडी काढायची गरज उरली नाही, कारण तो तिथेच राहत होता. सोबत नाही, पाहुणा नाही, वाटही नाही. रानवाट, तुमचा सिद्धान्त या चित्राला लागू होत नाही असं मला वाटतं.

रानवाट

इंद्रधनू, नाही होत. आत्ताच मोठं करून पाहिलं. यात कुणी यावं अशी अपेक्षाच नाही. पण मग हे चित्र त्या जुन्या परंपरेतलं धरायचं की तिथून बाहेर पडलेलं? कुंचला, तू सांग.

कुंचला

बाहेर पडलेलं. जुन्या चित्रकाराने मधला डोंगर धुक्यात घालून दूरवर नेला असता. शुन्सो तुम्हाला झाडांच्या बुंध्यांएवढ्या अंतरावर उभं करतो आणि पुढे जाऊ देत नाही. कोरी जागा मात्र तीच, सेश्शूपासून चालत आलेली.

साकुरा_ठाणे

पुढच्या वर्षी जपानला जायचं ठरतंय. सेश्शूचं चित्र टोकियोत कधीही गेलं तर दिसेल ना?

टोकियोकर

नाही. शाई आणि कागद प्रकाशाने खराब होतात, म्हणून राष्ट्रीय ठेव्यांना वर्षाकाठी साधारण ६० दिवसांपलीकडे बाहेर ठेवत नाहीत, नाजूक असतील तर त्याहून कमी. एरवी गुंडाळून लाकडी पेटीत. टोकियोच्या संग्रहालयात मुख्य इमारतीतलं दुसरं दालन राष्ट्रीय ठेव्यांचं आहे, तिथे एका वेळी एकच कलाकृती मांडतात आणि ठरावीक काळाने बदलतात. वेळापत्रक त्यांच्या संकेतस्थळावर असतं. तिकिटं काढायच्या आधी ते बघा. तारखा कळल्या की इथे टाका, त्या सुमारास मीही येईन.